रश्श्यात वाढवलेले पाणी

काटकसर हा सद्गुण आहे काय? प्रश्न विचित्र वाटेल. नव्याने संसार मांडणाऱ्या प्रत्येक जोडप्याला वडीलधारी मंडळी अंथरूण पाहून पाय पसरण्याचाच उपदेश करतात. परंतु क्षणभर विचार करावा. कंजूष माणूसही वाचवतो आणि अल्लाहचा कृतज्ञ दासही वाचवतो. दोघेही रात्रीची उरलेली भाकरी टाकत नाहीत, दोघेही जुने कापड जपून ठेवतात. बाहेरून पाहता दोघांच्या कृतीत काहीच फरक दिसत नाही. मग एकाची कृती इबादत ठरते आणि दुसऱ्याची मनाचा रोग, असे का व्हावे?

पवित्र कुरआनने रहमानच्या दासांचे एक लक्षण असे सांगितले आहे की, ते खर्च करताना उधळपट्टी करीत नाहीत आणि हातही आखडत नाहीत. त्यांचा मार्ग या दोहोंच्या मधला असतो (सूरह अल्-फुरकान, २५:६७). सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:२६-२९) उधळ्यांना शैतानाचे बंधू म्हटले आहे आणि लगेच पुढे हात मानेशी बांधून ठेवण्यासही मनाई केली आहे. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. उधळपट्टीची ही मनाई सुरू होते ती नातेवाईक, गरजू आणि वाटसरू यांचा हक्क देण्याच्या आज्ञेपासून. म्हणजे आपण जे उधळतो, त्यात दुसऱ्या कोणाचा तरी वाटा असतो. मधला मार्ग हा निव्वळ जमाखर्चाचा मध्य नव्हे; तो हक्कांचा तोल आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना केलेला एक उपदेश सहीह मुस्लिममध्ये आला आहे. रस्सा शिजवाल तेव्हा त्यात पाणी वाढवा आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा, असा त्याचा आशय. रश्श्यात पाणी तर प्रत्येक तंगीतील गृहिणी वाढवते. परंतु येथे ते स्वतःचे मांस वाचावे म्हणून वाढवलेले नाही, तर आणखी एका घरी वाटी पोहोचावी म्हणून वाढवले आहे. पाणी तेच, हेतू वेगळा. काटकसरीला सद्गुण बनवणारी गोष्ट हीच.

या दृष्टीने आपल्या स्वयंपाकघराकडे पाहिले, तर साध्या कामांनाही अर्थ येतो. उरलेले वरण कणकेत मळून केलेल्या पोळ्या, शिळ्या चपातीचा कुस्करा, आईच्या जुन्या सुती साडीची बाळासाठी शिवलेली गोधडी, फाटक्या चादरीच्या बाजारच्या पिशव्या, हे सारे गरिबीचे लाजिरवाणे उपाय नव्हेत. अन्न आणि वस्त्र या अल्लाहच्या देणग्या आहेत आणि देणगीचा शेवटचा धागाही उपयोगी आणणे ही शुक्राचीच एक रीत आहे.

हातच्या कलेचा उत्तम आदर्श उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) यांचा आहे. आपल्या पत्नींपैकी जिचा हात सर्वांत लांब, ती सर्वांआधी मला येऊन मिळेल, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, तेव्हा त्या आपापले हात मोजून पाहू लागल्या. पुढे हजरत जैनब (रजि.) यांचे निधन सर्वांआधी झाले, तेव्हा उलगडा झाला की, लांब हात म्हणजे देणारा हात. त्या स्वतःच्या हातांनी काम करीत आणि त्यातून दानधर्म करीत असत.

परंतु काटकसरीचा दुसरा एक प्रश्न आहे आणि तो आपण क्वचितच विचारतो. वाचवलेले आले कोणाच्या वाट्यातून?

माझ्या संसाराच्या पहिल्या वर्षांत मी खर्चाची वही ठेवत असे. महिनाअखेरीस चार पैसे शिल्लक दिसले की, मला मोठे समाधान वाटे. एके दुपारी अवेळी घरी परतलो. मुलाला भरवून पत्नी एकटी जेवत होती. तिच्या ताटात सकाळची भाकरी होती आणि पातेले निपटून काढलेला रस्सा. सकाळी माझ्या डब्यात मात्र बोटीचे चार तुकडे होते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला एवढं पुरतं." त्या दिवशी मला उमगले की, वहीतील शिल्लक माझ्या हुशारीची नव्हती; ती तिच्या ताटातून आली होती. तिने तक्रार केली नाही, म्हणून माझा दोष कमी होत नाही.

हजरत हिंद बिन्ते उतबा (रजि.) यांनी प्रेषितांकडे (स.) गाऱ्हाणे मांडले होते की, पती हात आखडतात, मला व मुलांना पुरेसे देत नाहीत. तेव्हा रीतीप्रमाणे पुरेल इतके त्यांच्या संपत्तीतून घेण्याची त्यांना परवानगी मिळाली. पत्नी व मुलांचे पोटभर अन्न हा पतीचा उपकार नव्हे, तो त्यांचा हक्क आहे. तसेच काटकसरीचे कष्टही एकट्या गृहिणीने का सोसावेत? प्रेषित (स.) स्वतः आपली पादत्राणे दुरुस्त करीत, कपडे शिवत आणि घरच्यांना कामात मदत करीत, असे हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून कळते.

हीच कसोटी दानालाही लागू आहे. जे आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय स्वीकारणार नाही, असे निकृष्ट अल्लाहच्या मार्गात देऊ नका, अशी कुरआनची ताकीद आहे (२:२६७). आंबूस लागलेले सालन कामवाल्या बाईच्या हाती ठेवणे ही काटकसर नव्हे आणि सदकाही नव्हे. आणि वर्षभर कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारे आपण लग्नाच्या एका रात्रीसाठी कर्ज काढतो, तेव्हा आपली काटकसर कोणासाठी होती, हेही स्वतःला विचारले पाहिजे.

म्हणून आज रात्री चूल विझवताना पती-पत्नींनी मिळून दोनच प्रश्न विचारावेत: आज जे वाचले, ते कोणाच्या वाट्यातून वाचले? आणि ते आता कोणाकडे जाणार आहे? या दोन उत्तरांनी मनाला लाज वाटली नाही, तर समजावे की रश्श्यात वाढवलेले ते पाणी नव्हते, ती बरकत होती. अल्लाह आपल्या घरांना ती लाभू देवो. आमीन.