शिरढोण ते इर्शाळवाडी

पनवेल सोडलं की पळस्पे फाट्याला रस्त्याचे दोन रस्ते होतात. उजवा गोव्याकडे वळतो. त्यावर कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. दुसरा, म्हणजे जुना पुणे रस्ता, चौकला पोचतो तेव्हा डाव्या हाताला इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या पायाशी १९ जुलै २०२३ च्या रात्रीपर्यंत इर्शाळवाडी ही ठाकरवाडी नांदती होती. दोन्ही ठिकाणं पनवेलहून जवळच. संकटाच्या वेळी सरकारने, संस्थेने काय करायचं असतं याचा विचार आपल्याकडे कसकसा घडत गेला आणि कुठे अडला, ते सांगायला ही दोन टोकं पुरतात.

फडके पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात ते गावोगाव हिंडले आणि जे पाहिलं त्यातून १८७९ चं बंड उभं राहिलं, एवढं शाळेत कळतं. त्या वेळचा मुंबईचा गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल याच्याबद्दल मात्र आपण फारसं वाचत नाही. या टेंपलच्या शिरावर फडक्यांनी उलट इनाम लावलं होतं. हाच माणूस १८७३-७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात अगदी वेगळा वागला होता. त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, तोही वेळेत, आणि भूकबळी जवळजवळ होऊ दिले नाहीत. शाबासकी राहिली बाजूला, उधळपट्टीचा ठपका आला. माणसं मेलीच नाहीत, मग एवढा खर्च कशाला, असा तो हिशेब. पुढच्याच दुष्काळात त्याला दख्खन आणि मद्रासकडे पाहणीला धाडलं, तेव्हा साहेब शहाणा झाला होता. दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, असा दर त्याने ठरवला. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध निवेदनांवर निवेदनं धाडली, मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली. तयारी जास्त झाली म्हणून शिक्षा झालेला अधिकारी पुढच्या वेळी कमी तयारी करतो, ही गोष्ट इतक्या उघडपणे क्वचितच घडते.

लाखो माणसं मेल्यावर आयोग बसला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत फडके एडनच्या तुरुंगात वारले. ही संहिता दयाळू नव्हती. मजुरी तुटपुंजी, कामं अंगमोड करणारी, आणि सगळा रोख सरकारी पैसा वाचवण्यावर. तरीही तिच्यात एक शहाणपण होतं. धान्याचे भाव चढू लागले, गुरं मातीमोल विकली जाऊ लागली, माणसं घरदार सोडून भटकू लागली, तर त्या खुणा गावपातळीवर टिपायच्या आणि वर कळवायच्या. मग चाचणीपुरतं काम काढायचं. त्यावर माणसं लोटली तर दुष्काळ आला असं धरून पुढची पायरी चढायची. म्हणजे कुठल्या खुणेला कोणी काय करायचं, हे संकट येण्याआधी कागदावर ठरलेलं होतं.

महाराष्ट्राने या विचाराला पुढे स्वतःची जोड दिली. १९७२ च्या दुष्काळाने खडी फोडणाऱ्या हातांची जी गर्दी पाहिली, तिच्यातून वि. स. पागे यांच्या डोक्यातली रोजगार हमी योजना राज्यभर रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खूण ओळखायचं काम आता कलेक्टरकडून मजुराकडे आलं. त्याने काम मागितलं की ते द्यायला सरकार बांधलेलं. मला ही आपल्या राज्याची एक मोठी वैचारिक कमाई वाटते, आणि आपत्तीच्या चर्चेत तिचं नावही निघत नाही याचं नवल वाटतं.

दुष्काळ पायी येतो. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला आला, तो झोपेत. तिथे आधी टिपण्यासारखी खूण कसली? साहजिकच विचाराचा भर हलला. ढिगारे उपसणं, वैद्यकीय पथकं, पुनर्वसन, भूकंपात टिकतील अशी घरं. किल्लारीनंतर मंत्रालयातला नियंत्रण कक्ष आणि जिल्ह्यांचे आपत्ती आराखडे यांत महाराष्ट्र देशात पुढे होता. २००२ मध्ये केंद्रात हा विषय कृषी खात्याकडून गृह खात्याकडे गेला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, इकडे महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते इथे दरडींनी घरंच्या घरं गिळली, आणि त्याच डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. पुण्याजवळ एनडीआरएफची तुकडी आली, जिल्ह्याला प्राधिकरण मिळालं, १०७७ हा क्रमांक मिळाला. हे सगळं हवंच होतं. पण या घाईत जुन्या संहितेतलं ते एक कलम कुठेतरी गळून पडलं. भूकंपाला खूण नसते म्हणून आपण पुराला, दरडीला, वायुगळतीला, उन्हालाही ती नसल्यासारखे वागू लागलो.

वायुगळतीचंच घ्या. पनवेलच्या उशाशी तळोजा एमआयडीसी आहे, थोडं पुढे रसायनी-पाताळगंगा. भोपाळनंतर १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आले. मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याने आवारातला आराखडा करायचा आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घ्यायची. आवाराबाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनाचा, त्याची तालीम वर्षातून एकदा. शेजारच्या लोकांना धोका काय आणि काय करायचं ते आधीच सांगून ठेवायचं. कागद चोख आहे. तळोजातल्या कारखान्यांकडे फोम आहे, वाऱ्याची दिशा दाखवणारे कापडी मोजे आहेत, एकमेकांच्या मदतीला बंब पाठवण्याचे गट आहेत. चार मार्चला सुरक्षा दिन आला की फलक लागतात, शपथ होते. तालीम बहुधा सकाळी अकराच्या सुमाराला होते, सगळ्यांना आधी ठाऊक असते, आणि ठरल्या मिनिटात मैदानात सगळे जमल्याचा फोटो निघतो.

प्रश्न रात्री अडीचचा आहे. पाळीवर एक तरुण प्रभारी, हाताखाली गेल्याच महिन्यात ठेकेदाराने आणलेले कामगार. वास येतोय, मीटरचा काटा हलतोय, पण भोंगा वाजवला तर रोडपाली, नावडे, तोंडरे जागे होणार, आणि सकाळी काही निघालं नाही तर साहेब विचारणार, कोणाला विचारून वाजवलास? भोपाळच्या त्या रात्री गावासाठीचा भोंगा वाजला होता. बारीकसारीक गळतीने लोक उगाच घाबरू नयेत या कंपनीच्या रिवाजाप्रमाणे तो थोड्याच वेळात बंद केला गेला, आणि पुन्हा सलग वाजला तोवर वायू वस्तीत शिरला होता. यंत्रणा होती, माणसं होती, खूणही दिसली होती. खोट्या भोंग्याची भीती खऱ्या वायूपेक्षा मोठी ठरली. म्हणून एखाद्या कारखान्याची तयारी जोखायची तर मी बंब मोजणार नाही. गेल्या पाच वर्षांत इथे चुकून भोंगा किती वेळा वाजला आणि वाजवणाऱ्याचं पुढे काय झालं, हे विचारीन. एकदाही वाजला नसेल तर मला काळजी वाटेल. (आणि जवळच तळोजा कारागृह आहे. वाऱ्याच्या उलट दिशेला पळा, हा सल्ला तिथल्या बंद्यांनी कसा पाळायचा, हेही कोणी लिहून ठेवलेलं असावं, अशी आशा.)

खारघरला तर वायूही नव्हता, होतं फक्त ऊन. १६ एप्रिल २०२३ ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखोंचा समुदाय उघड्या मैदानात बसला, त्यातले बरेच आदल्या रात्रीपासून आलेले. उष्माघाताने १४ जण गेले. पाण्याची, रुग्णवाहिकांची सोय केली होती, असं नंतर सांगितलं गेलं, आणि ते मान्य करूनही प्रश्न उरतोच. तापमान किती झालं की कार्यक्रम आवरता घ्यायचा, हे ठरलं होतं का? आणि ठरलं असतं तरी व्यासपीठावर देशाचे गृहमंत्री असताना ‘आता बास’ म्हणायचा अधिकार कोणाचा होता? अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात माणसं गमावली आणि २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. त्यात पाऱ्याच्या आकड्यांना रंग दिलेले आहेत आणि रंगांना कामं. ते आकडे खारघरला जसेच्या तसे चालणार नाहीत. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून इथे पारा खाली असतानाच माणूस कोसळतो. हवामान खातंसुद्धा किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा ३७ अंशांवर ठेवतं. तेव्हा आकडा पनवेलचा पनवेलनेच ठरवायला हवा.

इर्शाळवाडीने याच दुबळेपणाची दुसरी बाजू दाखवली. २०१४ मध्ये माळीण आणि २०२१ मध्ये तळिये इथे दरडी कोसळल्यावर दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या. इर्शाळवाडी रायगडच्या यादीत नव्हती. १९ जुलैच्या रात्रीआधीच्या तीन दिवसांत त्या भागात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. यादीतल्या गावांवर नजर होती आणि यादीबाहेरच्या डोंगरावर पाऊस पडत होता. रात्री कडा सुटला. वर रस्ता नाही, जेसीबी नाही, हवा खराब म्हणून हेलिकॉप्टर नाही. खोपोली-पनवेल परिसरातले गिर्यारोहक, एनडीआरएफचे जवान आणि ठिकठिकाणचे स्वयंसेवक हातात कुदळ-फावडी घेऊन चढले. चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकाराने गेला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवला. त्यानंतर आपण काय केलं? याद्या वाढवल्या. यादी करताना आपण जागा शोधतो, कारण पंचनाम्याची सवय जुनी आहे. जिथे घडलं तिथे जाऊन नोंद करायची. पाऊस किती झाला की कुठल्याही उतारावरची वाडी रात्रीपुरती शाळेत, देवळात हलवायची आणि हे तलाठ्याने, पोलीस पाटलाने कोणाला न विचारता करायचं, हा प्रश्न यादीने सुटत नाही.

यावर तज्ज्ञ म्हणतील की दरडीसाठी असा आकडा ठरवणं सोपं नाही. खडक वेगळा, उतार वेगळा, माती वेगळी. बरोबर आहे. दहापैकी नऊ वेळा वाडी उगाच हलवली जाईल. आठव्या-नवव्या वेळी लोक उठायचेही नाहीत. हा आक्षेप खोटा नाही, पण त्याचं उत्तर याच पनवेल स्टेशनवरून रोज जाणाऱ्या गाड्यांकडे आहे.

कोकण रेल्वेवर २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ आणि पुढच्याच पावसाळ्यात १६ जून २००४ ला महाडकडच्या टापूत गाड्या घसरून माणसं गेली. त्यानंतर डोंगरकाप पक्के केले, जाळ्या ठोकल्या, पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. जोराच्या पावसात पुढचं नीट दिसेना की चालकाने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा, ही आज्ञा आहे. पर्जन्यमापक आहेत, रात्रीची गस्त आहे. रत्नागिरीजवळचा पानवलचा उंच पूल, मांडवी, झुआरी आणि शरावती इथे वारा मोजणारी यंत्रं आहेत आणि वाऱ्याने मर्यादा ओलांडली की गाडी थांबते. आणि सगळ्यात हुशारीचं म्हणजे पावसाळी वेळापत्रक. पावसाळ्यात गाड्या सावकाश जाणार हे धरूनच वेळा छापल्या जातात. त्यामुळे एखाद्या दिवशी ऊन पडलं तरी चालकाला कोणी विचारत नाही की एवढा हळू का आलास. उशीर आधीच माफ केलेला असतो. याउलट २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडच्या सावित्रीवरचा इंग्रजांच्या वेळचा जो पूल वाहून गेला, तो पाहा. मे महिन्यात त्याची तपासणी होऊन तो वाहतुकीला योग्य ठरला होता. नदी कुठल्या दगडापर्यंत चढली की पूल बंद करायचा आणि आडवा दांडा कोणी टाकायचा, हे ठरलेलं असतं तर दोन एसटी बस त्यावर गेल्या नसत्या.

वादळाच्या बाबतीत आपण हे शिकलो आहोत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे आलं तेव्हा किनाऱ्यावरची हजारो माणसं आदल्या दिवशीच हलवली होती, करोनाच्या भर साथीत. बंदरावरचे बावटे, हवामान खात्याचे टप्पे, सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. वादळ वळून दुसरीकडे गेलं असतं तर जिल्हाधिकाऱ्यांना कोणी मूर्खात काढलं नसतं.

पनवेलची नगरपालिका १८५२ ची, महापालिका २०१६ ची. आता शेजारी विमानतळ सुरू झाला आहे, त्यासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला, डोंगर कापला. कळंबोली-कामोठ्याचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे आणि सिडकोच्या धारण तलावांवर अवलंबून आहे. गाढी फुगली की कच्छी मोहल्ला आणि कोळीवाड्याला पहिला फटका बसतो. २०२५ च्या दुरुस्तीने आपत्ती कायद्यात महापालिकांच्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरणाची तरतूद झाली आहे, अध्यक्षपदी आयुक्त. हे प्राधिकरण बसलं की पहिल्या बैठकीत जाडजूड आराखड्याचं प्रकाशन होईल, बोटी आणि जनित्रांची खरेदी निघेल. माझी मागणी फार कमी पैशांची आहे. गाढीच्या पुलाच्या खांबावर एक लाल पट्टा रंगवावा आणि पाणी तिथे लागलं की कुठल्या गल्ल्या रिकाम्या करायच्या, ते त्या प्रभागातल्या अधिकाऱ्याच्या सहीने आधीच जाहीर करावं. भरती आणि पाऊस एकत्र येणार असतील तर धारण तलावांची दारं कोणाच्या शब्दावर हलतात, त्याचं नाव आणि फोन कामोठ्याच्या सोसायट्यांना द्यावा. मैदानावर कार्यक्रमाची परवानगी देताना तो थांबवण्याचा अधिकार कोणाकडे हेही परवानगीच्याच कागदावर लिहावं. आणि या सगळ्यांच्या शेवटी एक ओळ: खूण दिसल्यावर हललेल्या माणसाला, पुढे काही घडलं नाही तरी, कारणे दाखवा नोटीस निघणार नाही. पहिल्या तीन गोष्टींना आयुक्तांची सही मिळेल. चौथीवर ती मिळवायला बराच वेळ लागेल, असा माझा अंदाज आहे.