‘सुपरसीड’मधला एस

‘सुपरसीड’ या इंग्रजी क्रियापदाच्या स्पेलिंगमध्ये ‘सुपर’नंतर एस येतो. तिथे सी लिहिणारे पुष्कळ, आणि त्यांत चांगले इंग्रजी जाणणारेही असतात. हयगयीने होणारी चूक आणि नियम पाळल्याने होणारी चूक यांत फरक केला पाहिजे. हयगयीने अक्षर गळते किंवा मागेपुढे होते. इथे लिहिणारा ‘प्रिसीड’, ‘रिसीड’, ‘कन्सीड’, ‘इंटरसीड’ यांवरून शिकलेली रीतच पुढे चालवतो. त्या सगळ्यांत सी आहे, कारण ते लॅटिनमधल्या ‘जाणे’ या अर्थाच्या धातूपासून आले. ‘सुपरसीड’चा धातू ‘बसणे’ या अर्थाचा. एस-ई-डी-ई असा शेवट असलेले इंग्रजीत हे एकच क्रियापद आहे, त्यामुळे त्याला आधार द्यायला भावंड नाही. कानाचीही मदत नाही, उच्चार तोच. देवनागरीत तर दोन्हीकडे ‘स’च.

व्युत्पत्तीचे कैवारी म्हणतात, धातूत एस आहे, एवढे कारण पुरे. ते पुरे नाही. ‘प्रिसीड’ आणि ‘प्रोसीड’ एकाच धातूचे, तरी एकात दोन ई विभागलेले आणि दुसऱ्यात जोडून. त्यातून ‘प्रोसीजर’ करताना एक ई गायब. बेट या अर्थाच्या ‘आयलंड’मधला एस तर मूळ शब्दात नव्हताच. जुन्या इंग्रजीतल्या त्या शब्दाचे ‘आइल’ या परक्या शब्दाशी नाते जोडले गेले आणि न उच्चारला जाणारा एस त्यात येऊन बसला. आज तो गाळला तर चूक ठरते. चुकीतून आलेले अक्षर शुद्ध ठरू शकते, तर धातूचा दाखला निर्णायक कसा मानायचा? ‘सुपरसीड’मधला सीसुद्धा कालपरवाचा नाही, तो शतकानुशतके अधूनमधून छापला गेला आहे. मेरियम-वेबस्टर कोश त्याची नोंद घेतो, मात्र बहुतेक लोक तो चूक मानतात हेही सांगतो. म्हणजे एसचा खरा आधार छापील इंग्रजीचे आजचे एकमत हाच आहे. तेवढ्यासाठी एसच लिहावा. पण सी लिहिणाऱ्याला अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे.

अर्थाबाबत मात्र एवढी सूट देता येत नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा तो ‘लांबणीवर टाकणे’ असे सांगत होता. जुन्याची जागा नव्याने घेणे हा अर्थ सतराव्या शतकात रुळला. महाराष्ट्राच्या शासन निर्णयांत त्यासाठी ‘अधिक्रमित करणे’ म्हणतात. जुना निर्णय अधिक्रमित झाला की त्याच्या जागी नवा लागू होतो. नुसती दुरुस्ती झाली तर जुना उरतो आणि दोन्ही एकत्र वाचावे लागतात. मसुदा करणाऱ्याने हा भेद सांभाळला नाही, तर कोणता नियम लागू आहे हेच कळेनासे होते.

भारतीय इंग्रजीत याच क्रियापदाला ज्येष्ठता डावलण्याचाही अर्थ आहे. 1973 साली न्यायमूर्ती शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर यांना डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश झाले, ते प्रकरण ‘सुपरसेशन’ म्हणूनच ओळखले जाते. या नामातही ‘सुपर’नंतर एसच येतो.