बैलाचे औषध आणि गिधाडाचे मरण

‘मी तर चांगल्या हेतूने केले, मग दोष माझा कसा?’ हा प्रश्न आपण पुष्कळदा ऐकतो आणि कधी कधी स्वतःही विचारतो. त्याचे उत्तर शोधताना आपल्याच देशातील गिधाडांची हकिकत उपयोगी पडते.

पूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की थोड्याच वेळात आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागत. काही तासांत फक्त हाडे उरत. या पक्ष्याला कुणी सुंदर म्हटले नाही. उलट त्याचे नाव आपण शिवीसारखे वापरले. पण गावाची स्वच्छता तो निमूटपणे करीत होता.

१९९० च्या दशकात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध गुरांसाठी स्वस्तात मिळू लागले. बैलाचा पाय सुजला, गाय तापाने बसली की शेतकरी ते देत असे. मुक्या जनावराचे दुःख हलके करावे, यात वाईट ते काय? परंतु औषध दिल्यानंतर एक-दोन दिवसांत जनावर दगावले तर ते त्याच्या मांसात शिल्लक राही. ते मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

गोष्ट येथे संपली नाही. मेलेली जनावरे पडून राहिली, भटक्या कुत्र्यांना आयते अन्न मिळाले आणि रेबीजचा धोका वाढला. मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी बांधवांना अंत्यविधीसाठी सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या वर्षांत भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. बैलाच्या सुजलेल्या पायापासून माणसाच्या मृत्यूपर्यंतची ही साखळी कुणाच्याही स्वप्नात आली नव्हती.

मग दोषी कोण? बैलाची कीव करणारा शेतकरी नव्हे. जे ठाऊक नव्हते आणि ठाऊक होण्याचा मार्गही नव्हता, त्याचा दोष माणसावर ठेवता येत नाही. परंतु २००४ साली शास्त्रज्ञांनी मृत्यूचे कारण जगापुढे मांडले. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषधही सापडले. २००६ साली भारत सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या. अखेर २०१५ साली इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरपर्यंत मर्यादित करावी लागली. माहीत झाल्यानंतरही ज्यांनी ते औषध विकले वा टोचले, त्यांना चांगल्या हेतूची ढाल पुढे करता येत नाही. अजाणता केलेल्या कृतीचा दोष लागत नसेल. पण कळले त्या क्षणापासून जबाबदारी सुरू होते.

‘माझ्या एकट्याने काय होणार?’ असेही आपण म्हणतो. शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे, शंभर मृत जनावरांमागे एकाहूनही कमी जनावरात हे औषध असले तरी एवढा संहार घडण्यास पुरेसे होते. कारण एकाच जनावरावर गिधाडांचा थवा उतरतो. सृष्टीत थोडक्याचाही परिणाम दूरवर पोहोचतो.

म्हणून चांगल्या हेतूला चौकशीची जोड हवी. शेतात फवारताना, उरलेली औषधे नाल्यात टाकताना, विहिरीशेजारी शोषखड्डा खोदताना ‘पुढे हे कुठे जाईल?’ एवढे तरी आपण विचारतो का? सगळे परिणाम आपल्याला कधीच कळणार नाहीत. पण जे कळले आहे, त्याकडे पाठ फिरवून ‘माझा हेतू चांगला होता’ असे म्हणत राहणे आपल्या सदसद्विवेकबुद्धीला पटेल का?