कळशी कुणाची रिकामी केलीत?

उभे राहा सगळे. सातही जण. मोबाइल खाली ठेवा आणि हा एक फोटो माझ्याबरोबर पुन्हा बघा.

सहलीचे फोटो दाखवायला आलात, मी कौतुकाने बघायला बसले. चार दिवस, तीन रात्री, दोन गाड्या. पुण्याहून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर, भंडारदरा आणि पुढे घाटघरच्या बाजूला कड्यावर तंबू. एप्रिलचा शेवटचा आठवडा. सगळे फोटो पाहिले, पण या एकावर माझा हात थांबला. एक बाई उभी आहे. कळशी वाकडी करून ती तुमच्या बाटलीत पाणी ओततेय. डोक्यावरची चुंबळ अजून तशीच आहे, म्हणजे कळशी नुकतीच उतरवलीय. कळशीच्या तोंडाला जुन्या पातळाचं फडकं बांधलंय. आणि कळशीच्या बुडाला ओला चिखल लागलाय. मागे तुम्ही हसत उभे आहात.

बुडाला चिखल का, हे तुमच्यापैकी एकाला तरी विचारावंसं वाटलं का? भरल्या विहिरीतून शेंदलेल्या कळशीला चिखल लागत नाही. विहीर आटली की आत उतरावं लागतं. तळाशी झिरपणाऱ्या खड्ड्याजवळ कळशी टेकवायची, वाटी-वाटीने पाणी गोळा करायचं, खड्डा रिकामा झाला की तो पुन्हा भरेपर्यंत बसून राहायचं. त्यासाठी बाया अंधारात उठून नंबर लावतात. तिचा अख्ख्या सकाळचा जीव त्या कळशीत होता, आणि तुम्ही तो सात बाटल्यांत भरून घेतलात.

"आम्ही पाचशे रुपये दिले तिला, बाई." ऐकलं मी. ती नोट काय पोरांना पाजेल ती? वाडीवर पाण्याचं दुकान नाही. तिने नको म्हटलं नाही, कारण दारात आलेल्या तहानलेल्याला पाणी नाकारायचं नाही हे तिला लहानपणापासून शिकवलंय. तिच्या त्या चांगुलपणावर तुम्ही तुमची बेफिकिरी भागवलीत. जो आपलं पाणी घेऊन निघत नाही, तो वाटेत दुसऱ्याचं पितो. मधलं काही नसतं.

आता तुमची तयारी. एक लिटरच्या बाटल्यांचे दोन खोके, म्हणजे चोवीस लिटर. सात माणसं, चार दिवस. माणशी दिवसाला एक लिटरसुद्धा येत नाही! पहिल्या रात्री त्यातच भात झाला, चहा झाला आणि त्याच बाटल्यांतल्या पाण्याने तुम्ही भांडी विसळलीत. दुसऱ्या दिवशी दुपारी खोके रिकामे. कोल्ड्रिंकचे कॅन मात्र शेवटच्या दिवसापर्यंत पुरले, कारण ते मोजून घेतले होते. स्पीकर चार्ज केला होता, कोळसा घेतला होता, डिझेलचा हिशोब किलोमीटरवर मांडला होता. पाण्याचा हिशोब कुणाकडे होता? माझ्याकडे नाही, त्याच्याकडे असेल, असं प्रत्येकाला वाटलं. म्हणजे कुणाकडेच नव्हता.

"समोर भंडारदऱ्याचं धरण दिसत होतं, वाटलं पाणी कुठेही मिळेल." हे वाक्य माझ्या विद्यार्थ्याने बोलावं? नववीत मी तुम्हाला काळ्या कातळाचा नकाशा फळ्यावर काढून दाखवला होता. घाटघरला पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तो या बेसाल्टमध्ये मुरत नाही, उतारावरून धावत सुटतो. माती पातळ, भेगा थोड्या, म्हणून दिवाळीनंतर झरे बारीक होतात आणि होळीनंतर आटतात. ब्रिटिशांनी प्रवरेवर बांधलेलं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, त्याला शंभर वर्षं होत आली. पाणी साठतं खाली आणि कालव्यांनी जातं आणखी खाली. वरच्या वाड्या टँकरची वाट बघतात. पाणी दिसणं आणि पाणी मिळणं यातला फरक त्या बाईला रोज पहाटे कळतो. तुम्ही पदवीधर आहात.

लातूरचं विसरलात का? एप्रिल २०१६. मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अख्ख्या शहराला पैसे असून पाणी विकत मिळेना, अशी वेळ याच राज्यात आली आहे. रस्त्यात घेऊ म्हणणाऱ्याने ती गाडी डोळ्यांपुढे आणावी.

आणि तू. हो, तूच, कोपऱ्यात उभा आहेस तो. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडलास ना? गाडी सारखी थांबवावी लागते म्हणून तू सकाळपासून पाणीच प्यायला नव्हतास. लघवी गडद पिवळी होत होती, डोकं ठणकत होतं, ते अंगावर काढलंस. तुझ्या मित्रांना साधी जलसंजीवनी करतासुद्धा येईना. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पाचवीतलं पोर सांगेल. पण त्यालाही आधी एक लिटर स्वच्छ पाणी लागतं, आणि ते तुमच्याकडे नव्हतं. राजूरपर्यंत तू शुद्धीवर राहिलास हे नशीब. तुझ्या आईला मी काय सांगितलं असतं?

त्याच आईला घरी बघा जरा. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद अशी बातमी आली की बुधवारी रात्री पिंप, बादल्या, कळशा, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवते ती. एका दिवसाच्या बंदसाठी. पुण्याच्या प्रत्येक घरात ही शहाणीव आहे. गाडीत बसताना ती घरी का ठेवून निघालात?

मी आठ वर्षांची होते तेव्हा पानशेत फुटलं, १२ जुलै १९६१. पाठोपाठ खडकवासलाही गेलं. आम्ही शुक्रवार पेठेत राहायचो, पूर आमच्या वाड्यापर्यंत आला नाही, पण नळ कोरडे पडले. वाड्यातल्या आडावर रांग लागली. माझ्या हातात एक लहान कळशी होती. आजीने बजावलं होतं, "सांडलीस तर पुन्हा मागे जाऊन उभी राहशील." मी सांडली नाही. पेशवाईत कात्रजच्या तलावापासून जमिनीखालून नळ आणून पेठापेठांत हौद बांधले, ते याच गावात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी बघा असं बजावलंय. नसेल तर खडक फोडून टाकी खोदा, एका झऱ्यावर विसंबू नका, तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून साठा वेगळा ठेवा. गडावरच्या त्या टाक्यांसमोर उभे राहून तुम्ही फोटो काढता. ती कशासाठी खोदली, हे कधी मनात येतं का?

आता हिशोब घ्या. लिहून घ्या, तोंडी नको. पुण्याहून सगळं वाहून न्यायची गरज नाही. शेवटचं भरवशाचं पाणी कुठे, ते आधी ठरवा. तुमच्या वाटेवर ते राजूर. तिथून निघून परत तिथे येईपर्यंत तीन दिवस. उन्हाळ्यात माणशी रोज चार लिटर पिण्याला, एक लिटर स्वयंपाकाला. सात गुणिले पाच गुणिले तीन, एकशे पाच लिटर. त्यावर वीस लिटरचा एक कॅन राखीव. गाडी बंद पडली, दरड आली, कुणी आजारी पडलं तरच त्याचं झाकण उघडायचं. म्हणजे वीस लिटरचे सहा कॅन आणि थोड्या बाटल्या. एका लिटरचं वजन एक किलो, म्हणजे प्रत्येक गाडीत एक माणूस जास्त बसला असं धरा आणि तेवढं सामान कमी करा. खुर्च्या ठेवा घरी. कॅन टपावर बांधायचे नाहीत, वळणावर गाडी झोकांड्या खाते. मागच्या सीटला टेकून, खाली, पट्ट्याने आवळून. सगळं पाणी एकाच पिंपात नको, ते फुटलं तर सगळं गेलं. आणि ज्या कॅनमध्ये कधी डिझेल किंवा कूलंट होतं, तो कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला चालत नाही.

ओढ्याचं पाणी नितळ होतं म्हणून प्यायलात, असं कुणीतरी हळूच म्हणालं. जानेवारी २०२५ विसरायला इतका काळ लोटलाय का? नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता. दूषित पाण्याशी जोडलेला तो जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक, दोनशेहून जास्त संशयित रुग्ण, धडधाकट माणसं व्हेंटिलेटरवर. तुमच्यातले दोघे त्याच रस्त्यावर राहतात. तेव्हा घरात पाणी उकळून पीत होतात आणि ओढ्याकाठी ते सगळं विसरलात? फडक्याने गाळा, खळखळून उकळू द्या, पूर्ण एक मिनिट. उकळायला गॅस नसेल तर क्लोरिनची गोळी, आणि वेष्टनावर लिहिलाय तेवढा वेळ थांबा.

पुढच्या सप्टेंबरात लेहला जाणार म्हणता. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर अशी पाटी असायची. तिचा फोटो तुम्ही आत्तापासूनच ग्रुपवर फिरवताय, डिझेलचे कॅन बघताय. त्या उंचीवर हवा इतकी कोरडी की घाम दिसत नाही आणि शरीर सुकत जातं. पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून तिथे तीन मिनिटं. रात्री पारा शून्याखाली गेला तर काठोकाठ भरलेला कॅन तडकतो, वर चार बोटं जागा सोडावी लागते. यातलं तुमच्या यादीत काय आहे? काही नाही. मी बघितली यादी.

लेहचं मी हो म्हणत नाही अजून. आधी रविवारी सकाळी सात वाजता माझ्याकडे या. सहा रिकामे कॅन आणा. खालच्या नळावर भरायचे आणि एकेकाने एकेक कॅन तिसऱ्या मजल्यावर चढवायचा, लिफ्ट न वापरता. सातव्याने माझा पितळी हंडा घ्यायचा. मग त्यातले दोन कॅन गाडीत ठेवायचे आणि त्या वाडीवर जाऊन तिच्या दारात उतरवायचे. फोटो काढायचा नाही. झाकणं गळतात का, ते शनिवारी रात्री कॅन भरून, उलटे ठेवून तपासा.