स्लॅबचा रविवार

घराच्या बांधकामाचं वेळापत्रक मी कॉम्प्युटरवर मांडलं. एक काम लांबलं, की त्याच्या जिवावरची सगळी पुढं सरकत आणि रविवार ओलांडून शहाण्यासारखी सोमवारी उभी राहत. शनिवारी स्लॅब पडला. त्याला निदान सात दिवस रोज पाणी हवं. सिमेंटला वार कळत नाही.

"मिस्त्री, उद्या पाणी मारायला याल ना?"

"उद्या रविवार, साहेब. तुमचं ऑफिस चालू असतं का?"

नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. तिचा लाभ मी जन्मभर घेतला, पण ती मिस्त्रींचीही आहे हे विसरलो. कुणाचा तरी रविवार बुडणारच. प्रश्न एवढाच, कुणाचा?

नळी घेऊन मीच वर चढलो.

सोमवारी मिस्त्री म्हणाले, "झकास मारलंय पाणी! दुसऱ्या स्लॅबलाही याच."