जपणे आणि कोंडणे

पृथ्वीवर साठविलेल्या धनाला कसर लागते, गंज चढतो आणि चोर ते फोडून नेतात, याची जाणीव प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात आपल्या शिष्यांना करून दिली आहे. हा उपदेश आपण वरचेवर ऐकतो. परंतु तो धनिकांसाठी आहे, असे समजून आपल्यापैकी बहुतेक जण निर्धास्त असतात. आमचीही तशीच समजूत होती. 2023 च्या पावसाळ्यानंतर मोशी येथील आमच्या घरातले लोखंडी कपाट आवरताना ती समजूत दूर झाली. त्या कपाटात सोने नव्हते, रोकड नव्हती. तरीही कसरीने आणि ओलीने आपले काम चोख बजावले होते.

कपाटात आमच्या आईचे प्रार्थनापुस्तक आणि तिने आयुष्यभर जमविलेली संतांची चित्रे होती. कॅथलिक घरात वाढलेल्या कोणालाही या चित्रांचा परिचय करून देण्याची गरज नाही. प्रथम ख्रिस्तप्रसाद, एखाद्या धर्मगुरूंची दीक्षा, कोणा धर्मभगिनीचा रौप्यमहोत्सव, कोणाच्या निधनानंतरची मिस्सा, अशा प्रसंगी वाटली जाणारी ती तळहाताएवढी रंगीत चित्रे. आईने प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहून ठेवली होती. त्यांतील एका चित्रावर बाळ येशूची संत तेरेजा होती आणि मागील बाजूस आमच्या धाकट्या बहिणीचा पांढऱ्या पोशाखातला छोटा फोटो चिकटविलेला होता. प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतल्यानंतर चार महिन्यांतच ती काविळीने गेली. त्या काळी खेड्यात फोटो काढणे ही नित्याची गोष्ट नव्हती. तिचा दुसरा फोटो नाही.

आईच्या पश्चात ही चित्रे नीट राहावीत म्हणून आम्हीच बाजारातून प्लास्टिकच्या कप्प्यांचा एक अल्बम आणला होता. एकेक चित्र त्यात सरकवले, डांबराच्या गोळ्या घातल्या, अल्बम वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कपाटाला कुलूप लावले. आपले कर्तव्य आपण पार पाडले, असे तेव्हा वाटले. अकरा वर्षांनी अल्बम उघडला तेव्हा कप्पे चिकट झाले होते, वर्तमानपत्राचा पिवळेपणा पहिल्या पानांवर उतरला होता, आणि फोटोतल्या मुलीचा चेहरा प्लास्टिकला चिकटून बसला होता. सोडवायला गेल्यावर अर्धा चेहरा प्लास्टिकबरोबर निघून आला.

हा दोष कोणा दुकानदाराचा नव्हता. चूक आमचीच होती. प्रेम होते, पण ज्ञान नव्हते.

योगायोग असा, की त्याच महिन्यात अमेरिकेत वाढलेला आमचा भाचा घरी आला होता. त्याला लहानपणापासून बेसबॉलच्या खेळाडूंची जुनी कार्डे जमविण्याचा छंद आहे. आपल्याकडे 1980 च्या दशकात ‘बिग फन’ बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत आणि मुले त्यांसाठी जीव टाकत, हे अनेक वाचकांना आठवत असेल. तिकडे हीच परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. आधी सिगारेटच्या आणि पुढे बबलगमच्या पाकिटातून ही कार्डे येत. आज त्यांतील काहींचे मोल ऐकून आपण थक्क होतो. ‘टॉप्स’ कंपनीने 1952 मध्ये छापलेले मिकी मॅन्टल या खेळाडूचे एक कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे 100 कोटी रुपयांना विकले गेले.

एका पुठ्ठ्याच्या तुकड्याला हे मोल आले कुठून? त्या वर्षीची न खपलेली पेट्याच्या पेट्या कार्डे कंपनीने 1960 मध्ये गोदाम रिकामे करण्यासाठी नावेत घालून अटलांटिक महासागरात बुडवली, असे कंपनीचेच अधिकारी साय बर्जर यांनी पुढे सांगितले आहे. उरलेली बहुतेक मुलांच्या हाताळण्याने झिजली, किंवा घर आवरताना आयांनी कचऱ्यात टाकली. ज्या थोड्या कार्डांचे कोपरे शाबूत राहिले, तीच आज अमूल्य ठरली आहेत. म्हणजे जगाने जे निष्काळजीपणे गमावले, त्याचीच किंमत जग आज उरलेल्या कार्डांच्या रूपाने मोजत आहे. याहून जुने आणि तितकेच गाजलेले कार्ड होनस वॅग्नर या खेळाडूचे आहे. सिगारेटबरोबर जाणारे आपले कार्ड त्याने छापू दिले नाही, म्हणून ते दुर्मीळ झाले. लहान मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घ्यावी, हे त्याला पटले नाही, असे काही जण सांगतात. मोबदल्याचा वाद होता, असे इतरांचे म्हणणे. कारण कोणतेही असो, त्याने नाकारलेली वस्तूच बाजाराने डोक्यावर घेतली.

भाच्याने आमचा अल्बम पाहिला आणि तो हळहळला. “मामा, हे प्लास्टिक कागदाचा शत्रू आहे,” तो म्हणाला. मग त्याने जे समजावून सांगितले, ते वाचकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे देतो. पीव्हीसी नावाचे स्वस्त प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात जी द्रव्ये मिसळतात, ती कालांतराने बाहेर झिरपतात आणि चित्राचा रंग ओढून घेतात. त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची पातळ पाकिटे वापरावीत. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो. तो जवळ ठेवू नये. रबरबँड, टाचण्या, चिकटपट्टी कटाक्षाने टाळावी. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. डांबराच्या गोळ्यांची वाफ प्लास्टिकलाही बाधते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. पावसाळ्यात भिंत ओल धरते. हवेतली आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास असावी. त्यासाठी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. चित्र चिकटलेच असेल तर ओढू नये. आहे त्या स्थितीत त्याची छायाप्रत काढावी आणि जाणकाराला दाखवावे.

हे सारे आम्ही मान खाली घालून ऐकले. आम्हांला लाज याची वाटली, की खेळाडूंच्या चित्रांची इतकी काळजी घेतली जाते आणि संतांच्या चित्रांची, आपल्या मृतांच्या आठवणींची, आम्ही एवढीही चौकशी केली नव्हती. का केली नव्हती? प्रामाणिक उत्तर असे, की त्या चित्रांना बाजारात किंमत नाही. ज्याला भाव आहे त्यालाच जपावे, ही बाजाराची शिकवण आपल्या नकळत आपल्या देवघरापर्यंत पोहोचली आहे.

पुढे आम्ही सहज विचारले, “तुझे सर्वांत मौल्यवान कार्ड कसे आहे रे?” तो किंचित गप्प झाला. म्हणाला, “ते बँकेच्या लॉकरमध्ये आहे. तीन वर्षांत मी ते पाहिलेले नाही. काढले तर हात लागेल, आणि हात लागला तर किंमत उतरेल.”

येथे प्रश्नाची दुसरी बाजू आमच्यासमोर आली. आमच्याकडे प्रेम होते आणि ज्ञान नव्हते. त्याच्याकडे ज्ञान होते, पण किंमत वाढताच वस्तू त्याच्या हातून सुटली होती. पेटी मात्र दोघांनीही उघडली नव्हती. मालकाने दिलेला तालंत जमिनीत पुरून ठेवणाऱ्या सेवकाची कथा आपल्याला ठाऊक आहे. त्याने काही चोरले नव्हते, काही उधळले नव्हते. सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा हिशेब चोख होता. तरीही धनी त्याच्यावर रागावला, कारण त्याने जे राखले ते भीतीपोटी राखले होते.

मग वस्तू राखावी तरी कशी? मोशीच्या कडेने वाहणारी इंद्रायणी याबाबत काही सांगू शकेल. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला देहू आहे. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या तेथे नदीत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तिच्याविषयी आपण आदरच बाळगावा. पण एवढे तर सर्वांनाच दिसते, की ते अभंग लोकांच्या मुखी होते. वह्या बुडाल्या तरी गाणारे कंठ बुडाले नव्हते. आपल्या ख्रिस्ती परंपरेतही असेच घडले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण गोव्यात राचोल येथे 1616 मध्ये छापले गेले. पुढे 1649 आणि 1654 मध्येही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 1684 मध्ये तर गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. तरीही पुराण टिकले, कारण भाविकांनी ते हाताने उतरवून घेतले, वाचले, पुढच्या पिढीला दिले. अशा हस्तलिखितांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरहून ते पुन्हा छापले. छापील प्रती नष्ट झाल्या आणि उतरवलेल्या राहिल्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुण्याचे दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांचे उदाहरण तर अगदी जवळचे. बालपणीच दगावलेल्या राजा या आपल्या मुलाच्या स्मृतीशी त्यांनी आपला संग्रह जोडला. दिवे, अडकित्ते, वाद्ये, दरवाजे असे हजारो जिन्नस जमविले, आणि 1975 मध्ये ते सारे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. एका बापाचे दुःख कुलपात राहिले असते तर त्याच्याबरोबरच संपले असते. त्याने दार उघडले, म्हणून आज शाळेतली मुले तो संग्रह पाहतात.

तरीही एक मर्यादा सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे अपुरे राहील. 378 मध्ये रोमन सैन्याच्या मोठ्या पराभवानंतर गॉथांनी असंख्य लोकांना बंदी करून नेले. तेव्हा मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी चर्चची पवित्र पात्रे वितळवून त्या बंदिवानांची सुटका केली. त्यांच्यावर टीका झाली. ख्रिस्तासाठी सोने राखण्यापेक्षा माणसे राखणे बरे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. संत लॉरेन्स यांनीही चर्चचा खजिना म्हणून गोरगरिबांनाच पुढे उभे केले, असे परंपरा सांगते. म्हणून लॉकरमध्ये लाखोंचे कार्ड असताना धर्मग्रामातले एखादे मूल उपचारांविना तळमळत असेल, तर ते कार्ड विकण्यास क्षणाचाही विलंब होऊ नये. वस्तू सोडण्याची तयारी मनात असेल तरच ती राखण्याचा आपल्याला अधिकार आहे. आम्ही हे भाच्याला बोललो. त्याने वाद घातला नाही. विचार करीन, एवढेच म्हणाला.

आमच्या मोशीतच शहराचा कचरा डेपो आहे. साऱ्या पिंपरी-चिंचवडने नकोसे केलेले तेथे डोंगराएवढे साठले. 2023 च्या ऑगस्टमध्ये तेथील कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. त्या बाजूने जाताना मनात येते, की या ढिगात कितीतरी घरांतल्या म्हाताऱ्यांची प्रार्थनापुस्तकेही आली असतील. सर्व काही राखता येत नाही, हे खरे. जीर्ण झालेली आशीर्वादित चित्रे कचऱ्यात न टाकता आदराने जाळावीत किंवा पुरावीत, ही आपली जुनी रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे. निरोप द्यायचा तोही हाताने द्यावा.

मराठी भाषेने आपल्याला एक सुंदर शब्द दिला आहे. वस्तू सांभाळण्याला आपण ‘जपणे’ म्हणतो, आणि देवाचे नाव पुन्हा पुन्हा घेण्यालाही ‘जपणे’च म्हणतो. जपमाळ कपाटात कोंडून ठेवली तर ती केवळ मण्यांची माळ राहते. रोज हातातून फिरते तेव्हाच ती जपमाळ होते. मणी झिजतात, दोरा तुटतो, नवा ओवावा लागतो. जपण्यात झीज आहेच. जे वारंवार पाहिले जाते, त्याला लागलेली कसर वेळीच दिसते. आम्ही ते चित्र वर्षातून एकदा जरी हातात घेतले असते, तरी प्लास्टिक चिकट होऊ लागल्याचे पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळले असते.

भाच्याने परत गेल्यावर पातळ पाकिटांचा एक गठ्ठा धाडला. स्वतःच्या कार्डांसाठी आणलेलीच ती होती. आता आईची चित्रे त्यांत आहेत, प्रत्येकाची छायाप्रत नातेवाइकांकडे पोहोचली आहे, आणि पेटीला कुलूप नाही. दरवर्षी 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, मिस्सा आटोपून आल्यावर आम्ही ती पेटी घरातल्या लहानांसमोर उघडतो. प्रत्येक चित्रामागचे नाव वाचले जाते आणि त्या नावासाठी एक ‘नमो मरिया’ म्हटली जाते. बहिणीचा फोटो आता अर्धाच आहे. मुले विचारतात, उरलेला चेहरा कसा होता? मग आम्ही आठवून सांगतो. सांगता सांगता, जे आम्हीही विसरलो होतो, ते थोडे थोडे परत येते.