दुसऱ्याच्या नावावर मैदानात



इंग्लंडात फुटबॉलचा खेळ हा कित्येकांचा पोटाचा धंदा आहे. तेथील क्लब पगार देऊन खेळाडू ठेवितात, आणि माणूस पारखण्यात ते मोठे वाकबगार समजले जातात. तथापि १९९६ साली साउदॅम्प्टन येथील क्लबास जो अनुभव आला, तो आम्ही आज आपणांपुढे ठेवितो.

क्लबाचे व्यवस्थापक ग्रॅम सूनेस ह्यांस आपण जॉर्ज वीआ आहो असे सांगणाऱ्या कोणाचा तरी टेलिफोन आला. लायबेरियाचा हा खेळाडू तेव्हा जगात नावाजलेला होता. बोलणाऱ्याने अली दिया नामक सेनेगलच्या खेळाडूची वाखाणणी केली. तो वीआ नव्हताच. परंतु नाव मोठे, म्हणून दियाशी एक महिन्याचा करार झाला. त्याचा खेळ पाहण्यासाठी एक सामना नेमला होता. तो मैदानात पाणी साचल्यामुळे रद्द झाला. पुढे २३ नोव्हेंबर रोजी लीड्सच्या संघाशी खेळताना मॅट ल टिसिए हा नामांकित गडी जायबंदी झाला, आणि ३२ व्या मिनिटास त्याच्या जागी दियाला पाठविले. चेंडू काही शिफारस ऐकत नाही! कोठे उभे राहावे हेही त्यास उमगेना. ८५ व्या मिनिटास त्यास परत बोलाविले. साउदॅम्प्टनचा संघ दोन गोलांनी हरला.

यहोशवाच्या पुस्तकातील नववा अध्याय ह्या प्रसंगी आठवतो. गिबोनकरांचे झिजलेले जोडे व बुरसलेली भाकर पाहून इस्राएलाने करार केला. देवाला मात्र विचारले नाही. आपल्या मंडळीतही एखादा परका मनुष्य थोरामोठ्यांची चिठ्ठी घेऊन येतो. त्यास पाणी द्यावे, जेवू घालावे, निजावयास जागा द्यावी. परंतु उपदेशाचे काम व दानाची पेटी त्याच्या हाती देण्यापूर्वी त्याची चालचलणूक पाहावी. परीक्षेचा दिवस पावसाने बुडाला, तर दुसरा दिवस नेमावा. परीक्षाच सोडून देऊ नये.

पण केवळ परक्यांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. ब्राझील देशात कार्लोस रापोसो नावाचा एक मनुष्य होता. त्यास लोक ‘कैसर’ म्हणत. तो पुष्कळ वर्षे नामांकित क्लबांत वावरला, पण सामना खेळण्याचे टाळीत राहिला. सरावास उभे केले की मांडी धरून खाली बसावे, आणि दुखापत झाली म्हणावे, ही आपली युक्ती तो स्वतःच सांगतो. अंगावर पोशाख खेळाडूचा, स्नेह खेळाडूंशी, आणि भय मात्र चेंडूचे!

बंधूंनो, हे वाचून हसू येते; पण हसता हसता आपण थबकावे. आमचे नाव मंडळीच्या पटावर आहे, बसण्याची जागाही ठरलेली आहे. परंतु आजाऱ्याच्या उशाशी बसण्याची, भांडलेल्या भावाच्या दारी आधी जाण्याची, मुलांना शास्त्र शिकविण्याची वेळ आली, म्हणजे आमचीही मांडी दुखू लागत नाही काय? हा प्रश्न आम्ही आपणांस विचारण्याआधी स्वतःस विचारिला, आणि आम्हांस मान खाली घालावी लागली.

क्लबास तयार खेळाडू हवा असतो, म्हणून तेथे सोंग घेण्याचा मोह होतो. प्रभूच्या दारी ह्याची गरजच नाही. मंदिरात दूर उभा राहिलेला तो जकातदार कोणाचीही शिफारस घेऊन आला नव्हता. आपण पापी आहो एवढेच त्याने कबूल केले, आणि तो नीतिमान ठरून घरी गेला. ज्यास खेळता येत नाही त्याने तसे सांगावे. गुरू शिकविण्यास सिद्ध आहे. मात्र शिकणाऱ्याने मैदानात उतरले पाहिजे.